ॲसिटोनमधलं पाणी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की शेवटी टाळण्याचीच सवय झाली. कारखान्यातल्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की मी पुराच्या गोष्टी सांगायचो, कँटीनच्या पातळ वरणाबद्दल बोलायचो, कोणत्या साहेबाने कोणाला कसं झापलं ते रंगवून सांगायचो. मेहुण्याचं नाव काढायचो नाही. समोरच्यानेच विषय काढला तर "जाऊ दे आता, घरातली गोष्ट आहे," असं म्हणून वर मोठेपणा घ्यायचो. त्या मोठेपणाची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

म्हणून मुद्द्याचं आधी लिहितो. माझा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, चोर नव्हता. त्याने कारखान्यातला ॲसिटोन कधी बाहेर विकला नाही आणि टाकीत पाणीही घातलं नाही. त्याच्या वाडीत, महाडात आणि मुंबईला गेलेल्या त्याच्या भावकीत ज्यांनी तसं ऐकलं असेल, त्यांच्यापर्यंत ते फिरत फिरत माझ्याकडूनच गेलेलं आहे.

मी महाडच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात क्यूसीला होतो. क्यूसी म्हणजे येणारा आणि जाणारा माल तपासणारी प्रयोगशाळा. माझ्याकडे मुख्य काम पाणी मोजण्याचं. टोल्युइन, मिथेनॉल, आयपीए असे सॉल्व्हंट, म्हणजे माल विरघळवायची द्रव रसायनं, टँकरने यायचे. दिसायला सगळे स्वच्छ, पारदर्शक. पण त्यांच्यात पाणी किती मुरलंय हे कळल्याशिवाय ते प्लँटमध्ये घेता येत नसत, कारण काही माल थोड्याशा पाण्यानेही नासतो.

मोजायची रीत अशी. काचेच्या बंद भांड्यात कोरडं मिथेनॉल घ्यायचं, सिरिंजने त्यात सॅम्पल सोडायचं आणि वरून आयोडीन असलेला रिएजंट थेंबाथेंबाने पाडायचा. जोवर पाणी आहे तोवर आयोडीन खाल्लं जातं. पाणी संपलं की आयोडीन उरतं आणि पिवळसर द्रावण तपकिरी होतं. किती रिएजंट लागला त्यावरून किती पाणी होतं ते काढायचं. माझ्या उमेदीत आम्ही हा रंग डोळ्यांनी पाहायचो. पुढे मशीन आलं, त्याला सगळे केएफ म्हणत. मशीनला फक्त एक गोष्ट सांगावी लागे: पाणी संपलंसं वाटल्यावर किती वेळ थांबून खात्री करायची. तेवढ्या वेळात पुन्हा पाणी दिसलं तर मशीन पुन्हा रिएजंट सोडतं, पुन्हा थांबतं.

बाकीचे केमिस्ट हा वेळ कमी ठेवत. टँकर गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, कोण थांबणार? मी मात्र वेळ वाढवून ठेवायचो. "पाणी लपून बसतं, त्याला बाहेर यायला सवड द्यावी लागते," असं मी नव्या केमिस्टना सांगायचो. टोल्युइनच्या बाबतीत ही सवय निरुपद्रवी होती. थांबा नाहीतर न थांबा, आकडा तोच यायचा. पण त्यामुळे माझ्याबद्दल एक समज पसरला की म्हाताऱ्याच्या हातून पाणी सुटत नाही. मलाही तो समज आवडायचा. तपासणाऱ्याला पगारच संशयाचा मिळतो, आणि मी तो पगार घरीही घेऊन जायचो. दूधवाल्याचं दूध, वाण्याचं तेल, पाहुण्यांनी सांगितलेलं न येण्याचं कारण, सगळ्याकडे मी तसंच बघायचो. बायको म्हणायची, "अहो, मलापण एकदा त्या मशीनमध्ये घाला."

मेहुण्याला कारखान्यात मीच लावलं होतं. तो पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. मुंबईत गोदामात कामाला होता, गोदाम बंद पडलं आणि तो परत आला. वाडीत थोडी भातशेती, थोडी नाचणी, तेवढ्यावर घर चालणारं नव्हतं. बायकोने शब्द टाकला आणि मी तो साहेबांकडे पोचवला. त्याला टँक फार्मवर घेतलं. आलेल्या टँकरला नळी जोडायची, माल टाकीत उतरवायचा, सॅम्पलची बाटली क्यूसीत आणून द्यायची आणि टाक्यांच्या व्हॉल्व्हच्या चाव्या सांभाळायच्या, हे त्याचं काम. कारखान्यातही तो मला सगळ्यांदेखत "भावोजी" म्हणायचा. मी त्याला दोनदा सांगितलं, इथे सर म्हण. तो म्हणाला, "बरं, सर भावोजी."

वाडीत त्याच्या घराला एक मान होता. ग्रामदेवतेचे चांदीचे मुखवटे वर्षभर त्यांच्या घरी, देवघराशेजारच्या पेटीत असायचे. शिमग्याला गावकी वाजतगाजत यायची, मुखवटे पालखीत बसायचे आणि पालखी निघायची. त्याच्या आजोबांपासून हे चालत आलेलं. घर कौलारू, पुढची पडवी एका बाजूने खचलेली, पण गावकीत त्यांच्या शब्दाला वजन होतं ते त्या पेटीमुळे. तो स्वतः देवभोळा नव्हता. पण पेटीवर धूळ बसू द्यायचा नाही.

एका वर्षी कारखान्यात नवं उत्पादन आलं आणि त्यासाठी ॲसिटोन येऊ लागला. मार्च महिना होता. चवदार तळ्यावरच्या गर्दीमुळे त्या दिवशी मला रिक्षा मिळाली नाही, मी चालत स्टँडवर जाऊन कंपनीची बस पकडली आणि उशिरा पोचलो. पोचतो तो साहेबांचं बोलावणं. नव्या उत्पादनाची बॅच बिघडली होती. कोरडी पांढरी पूड यायला हवी तिथे चिकट गोळा आला होता.

"पाणी असेल का?" साहेबांनी विचारलं.

"बघतो," मी म्हटलं.

टाकीतलं सॅम्पल मी स्वतः घेतलं. मशीनवर लावलं. पहिला आकडा ठीक होता, हद्दीच्या आत. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. मी थांबण्याचा वेळ वाढवला. आकडा वर सरकला. आणखी वाढवला, आणखी सरकला. हद्द ओलांडून गेला. मी पुन्हा सॅम्पल घेतलं, या वेळी जास्त. पाणीही जास्त. त्या दुपारी मला झालेला आनंद मला आजही आठवतो, तो लपवत नाही. इतक्या लोकांनी पाहिलं आणि कोणाला दिसलं नाही, ते मला दिसलं होतं.

मग मी हिशेब जुळवायला बसलो. टँकर आला तेव्हा पाळीच्या केमिस्टने घेतलेला आकडा कमी होता. पुरवठादाराच्या कागदावरही कमी होता. म्हणजे माल कोरडा आला आणि टाकीत ओला झाला. टोल्युइनमध्ये कोणी पाणी घातलं तर ते खाली बसतं, वेगळा थर दिसतो. ॲसिटोन पाणी पोटात घेतो, काही दाखवत नाही. चोरासाठी याहून सोयीचा माल नाही. थोडा काढायचा, तेवढंच पाणी ओतायचं, पातळी तीच. आणि टाकीची चावी कोणाकडे? इथे मी क्षणभर थबकलो असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी थबकलो नाही. उलट सगळं चपखल बसलं याचंच मला समाधान वाटलं.

साहेबांना मी एवढंच सांगितलं की पाणी आहे, कुठून आलं ते शोधतो, आणि मेहुण्यावर नजर ठेवली. महिना दीड महिना ठेवली. एप्रिल-मेमध्ये त्यांच्या वाडीची विहीर आटते, टँकरची वाट बघावी लागते, म्हणून तो सुट्टी झाली की कारखान्याच्या कूलरचं पाणी पांढऱ्या कॅनमध्ये भरून मोटरसायकलच्या मागे बांधून न्यायचा. सगळ्यांना माहीत होतं. वॉचमन हात करून सोडायचा. एके दिवशी मी पार्किंगमध्ये त्या कॅनचं झाकण उघडून वास घेतला. पाणी होतं. साधं, क्लोरीनचा वास येणारं पाणी. यावर माझ्या मनात काय यावं? तर हे की रोज पाण्याचा कॅन नेऊन याने वॉचमनला सवय लावून ठेवली आहे, आणि एखाद्या दिवशी त्यात दुसरं काही असेल. म्हणजे कॅनमध्ये ॲसिटोन सापडला असता तरी तो चोर, आणि पाणी सापडलं तरी तो चोरच. हे मला तेव्हा दिसलं नाही.

मेमध्ये मुंबईची माणसं गावी आली तेव्हा त्याच्या घरी सत्यनारायण होता. आम्ही दोघं गेलो. पडवीत चप्पल काढली आणि आतून ॲसिटोनचा वास आला. तीस-पस्तीस वर्षं ज्या नाकाने सॉल्व्हंट ओळखले ते नाक चुकणार नाही. तीर्थ घेताना मी सगळ्या घरात नजर फिरवत होतो, माळ्यावर, न्हाणीघराच्या मागे, गोठ्यात. मेहुणा म्हणाला, "भावोजी, काय शोधताव? तांब्या हवा काय?" मी म्हटलं, काही नाही.

परतीच्या एसटीत मी बायकोला विचारलं, घरात वास कसला येत होता? ती म्हणाली, "अहो, मुंबईची पोर नखांचा रंग पुसत होती. वहिनी तिला ओरडली पण, पूजेच्या दिवशी काय लावलंय म्हणून."

नखांचा रंग ॲसिटोननेच निघतो, हे मला माहीत होतं. तिथे माझा संशय विरायला हवा होता. पण मी मनात म्हटलं, ती एवढीशी बाटली आली कुठून? भरून कोणी दिली?

त्याच आठवड्यात मी साहेबांकडे गेलो.

साहेबांनी आकडे पाहिले. "टँक फार्मवर तुमचेच ना ते?"

"नातं घरी, साहेब. इथे आकडा."

हे वाक्य मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. साहेबांना ते आवडलं. नातेवाइकाची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, म्हणून मी इतर कोणाबद्दल बोललो असतो त्याहून कडक बोललो. सॅम्पल पुन्हा घ्या, बाहेरच्या लॅबला पाठवा, असं साहेब म्हणू शकले असते. त्यांनी म्हटलं नाही, कारण आकडा माझ्या हातचा होता.

त्याला केबिनमध्ये बोलावलं. मी बाजूला उभा. त्याला आधी कळेचना काय चाललंय. कळलं तेव्हा तो हसला.

"साहेब, टाकीत घालायला मी पानी आनू कुठून? आमच्या वाडीत पानी असतं तर इथून कॅन बांधून नेला असता काय?"

दारात उभा असलेला शिफ्ट इन्चार्जही हसला. साहेबांच्या तोंडावरही हसू येत होतं. मला ते हसणं सहन झालं नाही. मी म्हटलं, "विनोद पुरे. चावी तुझ्याकडे असते की नाही?"

"असते."

"दुसऱ्या कोणाकडे?"

"नाय."

"मग पाणी आलं कुठून ते तू सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. हसू गेलं होतं. "भावोजी, मोजनारे तुमी. मी कसा सांगू?"

पोलीस केस नको, कारखान्याचं नाव जाईल, असं ठरलं. त्याने राजीनामा लिहून दिला, म्हणजे लिहिला दुसऱ्याने आणि त्याने सही केली. संध्याकाळच्या बसमध्ये सगळ्यांना कळलेलं होतं. माझी पाठ थोपटणारेही त्या बसमध्ये होते.

पुढच्या रविवारी सकाळी तो आमच्या दारात उभा. हातातल्या पिशवीत नारळ. घरात आला नाही, ओट्यावरच थांबला.

"चला भावोजी. देवळात जाऊ. कौल लावू."

आमच्याकडे कौल लावतात म्हणजे देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. गावातली किती भांडणं त्यावर मिटलेली आहेत.

मी म्हटलं, "पाकळ्यांवर कारखाना चालत नाही. माझा कौल मशीनवर लागतो."

"मंग तुमचा देव एकदाच इचारल्यावर सांगतो, का परत परत इचारावा लागतो?" तो रागाने म्हणाला होता. त्याला केएफ मशीनबद्दल काडीचं माहीत नव्हतं, देवळात गुरव पाकळी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा गाऱ्हाणं घालतो त्यावरून त्याने टोमणा मारला होता. मला मात्र तो उर्मटपणा वाटला. मी दार लावून घेतलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुमची खात्री आहे?" तिने विचारलं.

"मशीन खोटं बोलत नाही."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त अडखळायला होतं. तिने आपल्या पाठच्या भावाला सोडून माझ्यावर विश्वास ठेवला. त्या वर्षी ती राखी बांधायला गेली नाही. भाऊबीजेला तो स्वतः आला तर तिने ओवाळलं, पण ताटात त्याने काही घालण्याआधीच ताट मागे घेतलं. तो म्हणाला, "ताय गो, तुपन?" ती आत निघून गेली. त्यानंतर तो आला नाही.

वाडीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. मुंबईला गेलेल्या वाडीकरांचं जे मंडळ आहे, त्या मुंबई मंडळात तर आधीच पोचली होती. मंडळाची बैठक झाली, गावकीची झाली. कारखान्यात चोरी करणाऱ्याच्या घरी देव कसा ठेवायचा, असा प्रश्न निघाला. कोणीतरी म्हणालं, खुद्द बहिणीच्या नवऱ्याने पकडलंय, मग शंका कसली? माझं नाव तिथे पुरावा म्हणून वापरलं गेलं. पुढच्या शिमग्याला मुखवटे त्याच्या घरून उचलले आणि परत आले नाहीत. पेटी दुसऱ्या घरी गेली. त्या रात्री पालखी त्याच्या अंगणात नाचली, पण तो नाचवायला पुढे आला नाही, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं. मी ऐकून "हं" म्हटलं.

कारखान्यात सगळं शांत झालं. टँकरचे आकडे पाळीचे केमिस्ट घेत होते, ते कमी येत होते. "चोर गेला, पाणी गेलं," साहेब म्हणाले. पुढे बॅच आणखी एकदा चिकट आली तेव्हा कंडेन्सरची, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या यंत्राची, नळी गळकी निघाली, तिथून पाणी आत शिरत होतं. नळी बदलली. पहिल्या वेळीही हेच झालं असेल का, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही.

वर्षभराने, मशीनची वार्षिक देखभाल जवळ आली म्हणून मी सहज टाकीतला ॲसिटोन लावला. आपल्या पद्धतीने, थांबून. आकडा हद्दीबाहेर. पुरवठादार बदललेला होता, टँक फार्मवर माणूस नवा होता. माझ्या मनात पहिली गोष्ट कोणती आली? की हाही चोर. दोन दिवस मी त्या बिचाऱ्याच्या मागे फिरलो. मग ड्रायव्हरवर संशय घेतला. मग पाळीच्या केमिस्टवर. स्वतःवर घेण्याचं मनातही आलं नाही.

देखभालीला पुण्याहून मशीन कंपनीचा माणूस आला. चहा पिताना मी त्याला म्हटलं, तुमच्या मशीनमुळे चोर सापडतात बरं का. ॲसिटोनची गोष्ट सांगितली. त्याने कप खाली ठेवला.

"ॲसिटोन? या साध्या रिएजंटमध्ये? मिथेनॉलमध्ये?"

"मग कशात?"

"काका, ॲसिटोन आणि मिथेनॉल एकमेकांवर हळूहळू क्रिया करतात, त्यातूनच पाणी तयार होतं. त्याला वेगळा रिएजंट असतो, मिथेनॉल नसलेला. यात तुम्ही जितकं थांबाल तितकं पाणी दिसणार. दिवसभर थांबलात तर दिवसभर." तो हसत होता. कोणा नवशिक्याची गंमत ऐकावी तसा.

कपाटात शुद्ध ॲसिटोनची सीलबंद बाटली होती, कोणाच्या हाताला न लागलेली. तो गेल्यावर मी ती फोडली आणि मशीनवर लावली. आकडा वर चढू लागला. वेळ वाढवला, आणखी चढला. हे एवढं मी पहिल्याच दिवशी करू शकलो असतो. बाटली तेव्हाही कपाटात होती. पण जिच्यावर संशय नाही ती वस्तू मी कशाला तपासू?

इथपर्यंत माझी चूक होती. चुकीला मी घाबरत नाही, प्रयोगशाळेत चुका होतात. यापुढचं चूक नाही.

मी नवा रिएजंट मागवला. एवढा महागडा कशाला, साहेबांनी विचारलं. "अचूकतेसाठी," मी म्हटलं. आकडे खाली आले, स्थिर राहिले. कोणाला काही कळलं नाही. निवृत्तीला थोडे दिवस होते. सांगितलं असतं तर पस्तीस वर्षांचं नाव एका दुपारी गेलं असतं. बायको काय म्हणाली असती याचा विचार मला करवत नव्हता. मी स्वतःला समजावलं की तो आता दुसरीकडे लागला आहे, त्याचं बरं चाललं आहे, जुनं उकरून कशाला काढायचं. तो बिरवाडीजवळ कुठेतरी वॉचमन होता. बरं चाललं होतं की नाही, मी कधी विचारायला गेलो नाही.

निवृत्त झालो. एकदा वीर स्टेशनवर तो दिसला, मुलाकडे मुंबईला जाऊन परत येत होता. महाडला यायला एकच रिक्षा उभी होती, दोघं तिच्यातच बसलो. तो ड्रायव्हरच्या शेजारी, मी मागे. वाटभर मी त्याच्या मानेकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो की हा महाडच्या पुलापर्यंत काही बोलला की मी बोलेन. तो ड्रायव्हरशी रस्त्याच्या कामाबद्दल बोलत होता. उतरताना मला म्हणाला, "ताय बरी हाय ना?" मी म्हटलं, बरी आहे.

परवा हे इथवर लिहिलेलं मी बायकोला वाचून दाखवलं. ती वाल सोलत बसली होती. मी वाचायला लागलो आणि मशीनचं सगळं सांगून होईपर्यंत तिचे हात चालू होते. सीलबंद बाटलीपाशी थांबले. मी पुढचंही वाचलं. मग तिने एवढंच विचारलं:

"त्याला सांगितलंत?"

तिला मी जे उत्तर दिलं तेच इथे लिहितो. दोन वर्षांपूर्वी त्याचे दिवस भरत आलेत असा निरोप आला तेव्हा ती स्वतः गुडघ्याच्या दुखण्याने अंथरुणावर होती. तिने मला पाठवलं. "तुम्ही तरी जाऊन या," म्हणाली. मी गेलो ते सांगायचं ठरवूनच. वीरपासून गाडीत शब्द जुळवत होतो. मुंबईत त्याच्या मुलाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तो खिडकीखाली पडून होता, अंग राहिलं नव्हतं. मला बघून उठायला गेला. सून चहा टाकायला आत गेली. खोलीत आम्ही दोघंच.

मी तोंड उघडणार एवढ्यात तोच बोलला.

"भावोजी, एक इचारू? त्या टाकीतल्या पान्याचा कधी पत्ता लागला का?"

त्याच्या आवाजात काही नव्हतं. ना राग ना टोमणा. आजारी माणूस जुनी राहून गेलेली गोष्ट विचारतो तसं विचारलं होतं. पण मला वाटलं, याला कळलंय. कोणीतरी सांगितलंय. हा माझ्या तोंडून वदवून घेतोय, आत सून ऐकतेय, दाराआड मुलगा उभा असेल. मरायला टेकलेल्या माणसाचाही मी संशय घेतला.

"नाही रे," मी म्हटलं. "नाही लागला."

त्याने मान हलवली. "मंग ऱ्हाऊ द्या. तुमच्या हाताला नाय लागला म्हंजे कोनाच्याच हाताला नाय लागायचा." आणि डोळे मिटले. चहा आला. मी तो प्यायलो.

तो गेला त्याला आता दोन पावसाळे झाले. हे कागद मी त्याच्या मुलाला देणार आहे, वाडीच्या गावकीला आणि मुंबई मंडळालाही. मुखवट्यांची पेटी कुठे ठेवायची ते त्यांनी ठरवावं, मला त्यात बोलण्याचा अधिकार नाही. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. तेही रास्त आहे.

त्या दिवशी त्या खोलीत त्याने विचारल्यावर मला एवढंच म्हणायचं होतं: लागला रे, पत्ता कधीचा लागला. तुझ्या टाकीत पाणी नव्हतं. ते माझ्या भांड्यात तयार होत होतं आणि मी थांबून थांबून ते वाढवत होतो. मला कळलं, तरी मी गप्प बसलो आणि तुझ्या घरून गेलेला देव परत येऊ दिला नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. मला माफ कर.